मापात न मावलेली संख्या

मराठीत 'पायली' हा शब्द भांड्यालाही आहे आणि त्या भांड्यात मावणाऱ्या धान्यालाही. पायलीभर जोंधळे असे म्हणताना आपण माप आणि मापलेली वस्तू यांत भेद करीत नाही. व्यवहारात त्याची गरजही पडत नाही, कारण पायली भरली की उरलेले धान्य शीग होऊन डोळ्यांना दिसते, सांडते, आणि मोजणारा हात थांबवतो. संगणकातील संख्येचे मापही असेच आधी ठरवावे लागते. फरक इतकाच, की तेथे सांडलेले कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडताना थोडा संकोच वाटतो. परंतु आज्ञावली लिहिणे हे अखेर लिहिणेच आहे, आणि त्या लेखनातील एक अगदी लहान शब्दनिवड, म्हणजे कोणत्या संख्येला कोणत्या प्रकारचे माप द्यावे हा निर्णय, गेल्या पन्नास-साठ वर्षांत किती गोष्टींना कारण झाला हे पाहू लागलो तेव्हा आम्हांस त्यात आपल्या ओळखीचे प्रश्न आढळले. पाठ आणि संदर्भ, मूळ लेखकाचा हेतू, हरवलेली टीका, असे हे प्रश्न आहेत.

प्रथम मापांची ओळख करून घेऊ. यंत्रातील संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिली जाते. अशा एका अंकाच्या जागेला बिट म्हणतात. आठ बिटांच्या जागेत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. सोळा बिटांत, ऋण संख्याही धरल्यास, उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. बत्तीस बिटांत वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. चौसष्ट बिटांत ती ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ इतकी वाढते. आज्ञावली लिहिणाऱ्याने संख्या हाती येण्यापूर्वीच सांगून ठेवायचे असते की ती यांपैकी कोणत्या मापात राहील. यालाच डेटा टाइप निवडणे म्हणतात. मर्यादा ओलांडली तर बहुतेक यंत्रे जुन्या मोटारीच्या मैलमापकासारखी वागतात: सगळे नऊ झाले की पुन्हा सगळी शून्ये. चिन्हयुक्त मापात तर आणखी विचित्र प्रकार होतो. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते. सर्वांत मोठ्या धनसंख्येच्या शेजारी सर्वांत मोठी ऋणसंख्या बसलेली असते.

यावर कुणी म्हणेल, की मग सगळीकडे मोठ्यात मोठेच माप वापरावे, वाद कशाला? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी, वेगळ्या रूपात, पडून गेलेला आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. मौज अशी, की चौसष्ट बिटांच्या चिन्हयुक्त मापात बरोबर ब्याण्णव परार्ध आणि वर काही एवढे मावते. म्हणजे बाराव्या शतकातील संज्ञांची शिडी आणि आजच्या संगणकाचे नित्याचे माप यांची उंची फारशी दूर नाही. तो अर्थातच योगायोग आहे. परंतु ही नावे देऊन झाल्यावर भास्कराचार्य जे म्हणतात ते योगायोगाचे नव्हे. स्थानांच्या या संज्ञा पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केल्या, असे ते सांगतात. संख्या परार्धाशी संपते असे त्यांचे म्हणणे नाही. नावे तेथे थांबतात, कारण व्यवहार तेथे थांबतो. 'व्यवहार' हा शब्द आपण लक्षात ठेवू.

व्यवहार पाहून माप लहान करण्याचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण कोकणातले आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरून होत असत, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी आधी अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, काढावी लागते. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर गणेश दैवज्ञांच्या काळीच ती सोळा लाख सत्त्याऐंशी हजारांवर गेली होती. कल्पारंभापासून मोजणाऱ्यांना तर अब्जांशी झुंजावे लागे. पाटीवर धूळ पसरून गुणाकार-भागाकार करणाऱ्या ज्योतिष्याला हे किती जाचत असेल याची कल्पना करावी. प्रत्येक अधिक अंक म्हणजे अधिक श्रम आणि चुकीची एक अधिक संधी.

गणेश दैवज्ञांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे केले. अशा एका चक्राचे ४,०१६ दिवस. शकातून १४४२ वजा करायचे, उरलेल्यास अकराने भागायचे; भागाकार ती चक्रे, आणि दिवस मोजायचे ते केवळ चालू चक्रातले. प्रत्येक ग्रहाचा एक ध्रुवक देऊन ठेवला होता. चक्रांच्या संख्येने त्यास गुणून हिशेबात धरला की मागील सर्व काळाचा निकाल लागे. त्यामुळे अहर्गण चार हजारांच्या आसपासच थांबतो आणि संख्या कधीही हाताबाहेर जात नाही. आजच्या परिभाषेत सांगायचे तर बत्तीस बिटांचा ऐवज त्यांनी सोळा बिटांत बसवला, आणि जे बसत नव्हते त्यासाठी चक्र नावाचे दुसरे छोटे माप शेजारी ठेवले. ग्रंथाच्या नावातील 'लाघव' हे असे आहे. अर्थात या सोयीला किंमत होती. ध्रुवकात पूर्णांकन करताना जी बारीक कसर राहते तीही प्रत्येक चक्रागणिक गुणली जाते. पहिल्या दोन-चार चक्रांत ती कुणाच्या ध्यानी येणार नाही, तिसाव्या-चाळिसाव्यात येईल. ही गोष्ट पुढे एका भलत्याच ठिकाणी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकात हाच प्रश्न बेल प्रयोगशाळेत उभा राहिला. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीला घड्याळ हवे होते, आणि १९७१च्या पहिल्या नियमपुस्तिकेत ते सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजले जात होते. माप बत्तीस बिटांचे. साठाव्या भागांनी ते सुमारे ८२९ दिवसांत भरते. ही गोष्ट लेखकांना माहीत होती. पुस्तिकेतील दोषांच्या रकान्यात त्यांनीच मिश्किलपणे नोंदले होते, की चिकित्सक वाचकाच्या ध्यानात येईल, ही मुदत अवघी अडीच वर्षांची आहे. (खरे तर सव्वादोनच्या थोडी वर, पण विनोदात एवढी सूट असते.) पुढे त्यांनी एकक बदलून पूर्ण सेकंद घेतला, आरंभ १ जानेवारी १९७० धरला, आणि त्याच बत्तीस बिटांत, अर्धी मापे ऋण काळासाठी ठेवूनही, अडुसष्ट वर्षे मावली. १९७०च्या दशकात प्रायोगिक प्रणाली लिहिणाऱ्या दोन तरुणांना अडुसष्ट वर्षे अपुरी वाटली असती तरच नवल. आपले घड्याळ पुढे दूरध्वनींत, धरणांच्या दारांत आणि कारखान्यांच्या नियंत्रकांत जाऊन बसेल, हा व्यवहार त्यांच्यापुढे नव्हता.

रिचींच्या सी भाषेनेही माप ठरवण्याची एक विशिष्ट वृत्ती रूढ केली. तिच्यातील 'इंट' या प्रकाराला ठरलेली रुंदीच नव्हती. ज्या यंत्रावर आज्ञावली चालेल त्याच्या सोयीची ती रुंदी. एका यंत्रावर सोळा, दुसऱ्यावर बत्तीस. वेगाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते, पण त्यामुळे तेच वाक्य एका गावी खरे आणि दुसऱ्या गावी खोटे होऊ लागले. १९९९च्या प्रमाण आवृत्तीत नेमक्या रुंदीची नावे भाषेत आली. त्याआधी, १९९५ साली, जावा भाषेने प्रत्येक प्रकाराची रुंदी कायमची ठरवून टाकली होती.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा संप्रदाय. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत (१९७०) संख्येचा प्रकार मापावरून नव्हे तर अर्थावरून सांगता येत असे: महिना म्हणजे १ ते १२. यंत्र किती बिटे खर्चील हा त्याचा प्रश्न. लिहिणारा सांगतो ते जगाविषयी. तेरावा महिना आला तर तो आठ बिटांत मावला तरी चूकच आहे, आणि ती चूक भाषेला पकडता येते. सगळीकडे मोठ्यात मोठे माप वापरावे म्हणणाऱ्यांना हेही एक उत्तर आहे. चौसष्ट बिटांच्या मापात पाचशेवा महिना निमूट मावतो. १९८३ साली प्रमाणित झालेली, एडा लव्हलेस यांच्या नावाची, एडा भाषा याच पंथाची. मर्यादा उघड सांगा, ती मोडली तर मी गप्प बसणार नाही, असे तिचे लेखकाशी वचन असते. संरक्षण आणि अवकाश यांसारख्या क्षेत्रांत ती स्वीकारली गेली ती या वचनामुळे.

आणि तरीही या विषयातील सर्वांत प्रसिद्ध अपघात एडा भाषेतच लिहिलेला आहे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून आरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्यात पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करणारे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. मुख्य इंजिन पेटल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत अग्निबाण एकाएकी वळला, हवेच्या दाबाने मोडू लागला, आणि त्याने स्वतःचा नाश करून घेतला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले व त्याने १९ जुलैला अहवाल दिला. आम्ही तो वाचला आहे. लहानसा आणि संयत असा हा अहवाल गद्यलेखनाचा नमुना म्हणूनही वाचण्याजोगा आहे.

अग्निबाण कोणत्या दिशेस कलला आहे हे सांगणारी एक यंत्रणा त्यात होती. एक मुख्य, एक राखीव. तिची आज्ञावली आधीच्या आरियान-४ वरून तशीच उचललेली होती. तिच्यात आडव्या वेगाशी निगडित एक राशी चौसष्ट बिटांच्या दशांश स्वरूपातून सोळा बिटांच्या पूर्णांकात ओतली जाई. आरियान-४ च्या मार्गावर ही राशी ३२,७६७ च्या जवळपासही जात नसे. आरियान-५ अधिक बलवान, त्याचा मार्ग निराळा, आडवा वेग पुष्कळच झपाट्याने वाढणारा. संख्या मापात मावली नाही. एडाने आपले वचन पाळले आणि आक्षेप नोंदवला. आक्षेप आला म्हणजे यंत्र बिघडले असे समजून ते बंद करावे, अशी प्रणालीची रचना होती. राखीव यंत्रणा क्षणभर आधी याच कारणाने बंद पडली होती. दोघींचा पाठ एकच असल्यावर दुसरे काय होणार? मुख्य यंत्रणेने बंद होताना आपल्या दुखण्याची जी सांकेतिक टिपणी पाठवली ती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली आणि नसलेला कल सुधारण्यासाठी अग्निबाणाची तोंडे पूर्ण वळवली.

यात कुणी निष्काळजी होते काय? या प्रश्नापाशी थांबणे आवश्यक आहे, कारण या घटनेची सांगोवांगी जी रूपे फिरतात त्यांत एखादा आळशी कारागीर हटकून असतो. अहवाल वेगळे सांगतो. उतू जाऊ शकतील अशा सात राशी लेखकांनी स्वतः शोधून काढल्या होत्या. त्यांतील चारांना संरक्षण दिले होते. सातही संरक्षित केल्या असत्या तर संगणकावरील भार ऐंशी टक्क्यांची ठरवलेली मर्यादा ओलांडण्याची भीती होती, म्हणून उरलेल्या तिघींचा विचार झाला, आणि त्या निसर्गतःच मर्यादित आहेत किंवा त्यांना भरपूर अवकाश आहे असे ठरले. आरियान-४ पुरते हे सर्वस्वी बरोबर होते. ज्या व्यवहारासाठी माप निवडले त्या व्यवहारात ते कधीही चुकले नसते.

चूक पाठ हलवताना झाली. नव्या अग्निबाणाच्या मार्गाची माहिती या यंत्रणेच्या अपेक्षापत्रकात घालायची नाही असे संबंधितांनी आपसांत ठरवले होते. आणि त्या तीन राशी उघड्या का ठेवल्या, याचे कारण आज्ञावलीच्या मजकुरात त्या ओळीपाशी कुठेही लिहिलेले नव्हते. ते होते, पण कागदपत्रांच्या ढिगात; अहवालाच्या मते कुणी मुद्दाम लपवले नव्हते, तरी बाहेरून तपासणाऱ्याला ते दिसणे अशक्यप्राय झाले होते. जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे नवे वाटणार नाही. मूळ हाती राहते, टीका गहाळ होते, आणि पुढचा लेखनिक जे समजत नाही तेही इमानाने उतरवीत जातो. गणेश दैवज्ञांनीच 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' (१५४५) ही टीका लिहून भास्कराचार्यांच्या नियमांची उपपत्ती दिली होती. नियम पाठ असणाऱ्यांना तो का आहे हे कुणीतरी सांगावे लागते, हे त्यांना कळले होते. आरियानच्या सोळा बिटांना अशी बुद्धिविलासिनी लाभली नाही.

या कथेत आणखी एक पेच आहे. ज्या गणनेत ती राशी उतू गेली ती गणना उड्डाणानंतर निरुपयोगी होती. उड्डाणापूर्वी यंत्रणा स्थिर करण्यासाठी ती असे. जुन्या अग्निबाणांत उलटी गणती ऐनवेळी थांबली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी म्हणून ती उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवलेली होती. आरियान-५ ला त्याची गरजच नव्हती. म्हणजे एडाऐवजी एखाद्या बेफिकीर भाषेने ती संख्या निमूट ऋण होऊ दिली असती, तर त्या निरर्थक आकड्याकडे कुणी पाहिले नसते आणि अग्निबाण कदाचित सुखरूप वर गेला असता. सावध भाषेने आवाज दिला आणि त्या आवाजानेच घात झाला, असा निष्कर्ष काही जण काढतात. आम्हांस तो पटत नाही. आवाज योग्य होता. ऐकणाऱ्यांनी त्याचा एकच अर्थ ठरवून ठेवला होता, की हे यंत्र मोडले. विचार चुकलेला असू शकतो, हा दुसरा अर्थ रचनाकारांच्या कोशात नव्हता.

आरियानने केवळ वित्तहानी केली. माप अपुरे पडल्याने माणसे मेली ती गोष्ट पाच वर्षे आधीची. २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री, आखाती युद्धात, सौदी अरबस्तानातील धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी ठेवलेल्या पॅट्रियट यंत्रणेने त्यावर मारा केलाच नाही. येथे संख्या फार मोठी झाली असे नव्हते. माप उंचीला पुरेसे होते, खोलीला कमी पडले. घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजी, आणि एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशमानात लिहिता येत नाही. चोवीस बिटांपुढची शेपटी कापली जाई. प्रत्येक दशांशामागे चूक सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी. परंतु ती यंत्रणा त्या दिवशी शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. शंभर तासांत छत्तीस लाख दशांश होतात, आणि साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंद. तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली.

ध्रुवकातील कसर ती हीच. फरक एवढाच, की पंचांगातली तिथी घटका-दोन घटका चुकली तर पुढच्या पिढीतला कुणी वेध घेऊन ती दुरुस्त करी. येथे तेवढा वेळ नव्हता. येथेही मूळ लेखकांना दोष देणे कठीण आहे. यंत्रणा काही तास एका जागी राहील, मग हलवली जाईल आणि घड्याळ नव्याने सुरू होईल, असा व्यवहार धरून ती केलेली होती. ती वाळवंटात दिवसेंदिवस एकाच ठिकाणी चालू ठेवली गेली. फार वेळ चालवू नये असा इशारा वापरणाऱ्यांना दिला गेला होता. फार वेळ म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नव्हते. दुरुस्त आज्ञावली धाहरानला पोचली ती २६ फेब्रुवारीला.

यापुढची उदाहरणे आम्ही लांबवीत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने यूट्यूबवर बत्तीस बिटांची मर्यादा ओलांडली तेव्हा गणकाचे माप आधीच चौसष्ट बिटांचे करून ठेवलेले होते, आणि सर्वांना त्याची गंमत वाटली. २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांविषयी आदेश काढला, की विद्युतप्रवाह सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांचे नियंत्रक एका गणकाच्या उतू जाण्यामुळे बंद पडू शकतात. सेकंदाचे शतांश मोजणारे बत्तीस बिटांचे चिन्हयुक्त माप २४८ दिवसांहून किंचित अधिक काळात भरते, हे वाचकांनी स्वतः गुणून पाहावे.

युनिक्सच्या घड्याळाचे मात्र व्हायचे आहे. बत्तीस बिटांचे ते माप १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला जुने माप जपणारी यंत्रे डिसेंबर १९०१ मध्ये असल्याचे सांगू लागतील. आजच्या बहुतेक प्रणालींनी चौसष्ट बिटे घेतली आहेत, आणि त्यांत सुमारे २९२ अब्ज वर्षे मावतात. प्रश्न भिंतींत, खांबांवर आणि यंत्रांच्या पोटात गाडलेल्या लहान संगणकांचा आहे. त्यांच्या आज्ञावलीत कोणते माप कोणी कोणत्या व्यवहारासाठी निवडले, हे सांगणारा माणूस पुष्कळदा निवृत्त झालेला आहे. 'ग्रहलाघवा'च्या हिशेबाने तो दिवस शके १९५९ मधला. त्यातून १४४२ वजा जाता ५१७, अकराने भागता बरोबर ४७ चक्रे पूर्ण, बाकी शून्य. गणेश दैवज्ञांच्या पाटीवर त्या सकाळी अठ्ठेचाळिसाव्या चक्राचे पहिलेच वर्ष चालू असेल आणि अहर्गण तीन आकडी असेल.